दीपगृहाचं संग्रहालय सुरू करायचंय? आधी वही उघडा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं गाव, पालकांनी मिळून चालवलेली सदतीस मुलांची शाळा, टेकडीवर चालू दीपगृह. दीपगृहात नोकरी केलेल्या एका आजोबांच्या घरच्यांनी जुना कंदील, काही पितळी भाग आणि कागदांचं एक गाठोडं देऊ केलंय. गावातले आठ-नऊ जण वेळ द्यायला तयार आहेत. तुम्ही विचारता, संग्रहालयाला जागा कशी मिळवायची, पैसे कुठून आणायचे, आणि या नादात शाळेकडे दुर्लक्ष तर होणार नाही ना?

तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा संकोचाने विचारलाय. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. जागेचं आणि पैशांचं काही ना काही जमतं. जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी पाऊस कोसळत असताना दार कोण उघडणार आणि त्या खोलीत मुलं काय शिकणार, याचं उत्तर आधी हवं. ते नसलं की उद्घाटनाचा फोटो निघतो आणि दोन पावसाळ्यांत कुलूप गंजतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे माझं बोलणं कुठून येतंय ते कळेल. वीसेक वर्षं मी मुंबईत एका संग्रहालयाच्या जतन विभागात काम केलं. गेली चौदा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या गावी तुमच्यासारख्याच एका शाळेत शिकवते. शाळेला लागून आमचं एका खोलीचं संग्रहालय आहे. पगारी माणूस एकही नाही.

आधी जागेचं, कारण ते परिस्थितीवर सर्वांत जास्त अवलंबून आहे. चालू दीपगृह म्हणजे केंद्र सरकारच्या दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाची मालमत्ता. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन आता २०२१ चा मरीन एड्स टू नेव्हिगेशन कायदा आला आहे. त्यात वारसा दीपगृहांचा वापर शिक्षण, संस्कृती आणि पर्यटनासाठी करायला वाव ठेवलाय. म्हणून अर्ज जरूर करा, पण उत्तर येईपर्यंत काम थांबवू नका. केरळात अलप्पुळा आणि तिकडे चेन्नई इथे दीपगृहाच्या आवारात संग्रहालयं आहेत, पण ती खात्यानेच उभी केलेली. गावाच्या शाळेला मनोऱ्यात खोली मिळेल असं धरून बसणं बरोबर नाही. आपल्या किनाऱ्यावरची काही दीपगृहं तर किल्ल्यांत आहेत. देवगडचं १९१५ चं आहे, रत्नागिरीचं १८६७ चं, रत्नदुर्गाच्या एका टेकडीवर. खांदेरीचंही १८६७ चंच, आणि तो किल्ला २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तुमचं दीपगृह संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येत असेल तर पत्र्याची शेड घालायलाही वेगळी परवानगी लागेल. भरतीरेषेजवळ काही बांधणार असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, आडवे येतात.

आम्ही हे सगळं टाळलं. शाळेला लागून, जिथून मनोरा दिसतो अशा एका बंद घराची पडवी आणि माजघर मागून घेतलं. घरमालक चाकरमानी, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. पाच वर्षांचा साधा लेखी करार केला. त्यांना घर उघडं राहिल्याचा, शाकारणी वेळेवर झाल्याचा आनंद, आम्हाला जागा. पडवीतून संध्याकाळी दिवा लागलेला दिसतो. माझ्या मते संग्रहालयाला एवढं पुरतं.

आता शाळेचं. इथे स्पष्ट बोलते. तुमच्या शाळेला मान्यता आहे की ते नुसतं शिक्षण केंद्र आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, दंड होतो. मुलांची पुढची वाट कोणती, हे पालकांना आजच माहीत असलं पाहिजे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ किंवा दहावीला बाहेरून बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म, यांतलं जे ठरेल ते लेखी ठरवा. ‘आणि दहावीचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते, आणि तिचं चुकत नाही. तो सुटला नसेल तर संग्रहालयाला हात घालू नका. सुटला असेल तर मात्र संग्रहालयासारखी दुसरी प्रयोगशाळा गावात मिळणार नाही.

ते कसं, हे नीट सांगते. आम्ही वस्तू मांडून सुरुवात केली नाही. आधी एक वही घातली. तुमच्या गाठोड्याच्या आजोबांसारखेच दीपगृहात नोकरी केलेले एक काका आमच्याकडे होते, आता नाहीत. पहिल्या भेटीत मुलांनी विचारलं, तुम्ही तिथे रोज करायचात काय? ते म्हणाले, ‘लिहायचो.’ मुलं हिरमुसली. मग त्यांनी उलगडून सांगितलं. दिवा कधी लावला, कधी विझवला, वारा कुठला, दृश्यता किती, तेल किती गेलं, कोणतं जहाज दिसलं, सगळं नोंदवायचं. जुन्या काळी भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे. मनोऱ्याच्या पोकळीत वजन हळूहळू खाली उतरे आणि त्यावर वर भिंग फिरे. रात्रीतून पुन्हा पुन्हा हँडल मारून ते वजन वर घ्यावं लागे. त्यांनी हे त्यांच्या आधीच्या माणसांकडून ऐकलं होतं. रात्री कुणी पाहायला नाही, साहेब शेकडो मैलांवर, तरी वजन वर गेलंच पाहिजे आणि वहीत ओळ पडलीच पाहिजे. ते बोलत असताना चौथीतल्या एका मुलीने स्वतःच्या वहीत तारीख टाकून लिहिलं, ‘आज वारा पश्चिमेचा. काका भेटले.’ आमच्या संग्रहालयाची पहिली नोंद तीच.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. संग्रहालय उघडो न उघडो, रोज संध्याकाळी दिवा लागताना कुणीतरी एक ओळ लिहितं. वेळ, वारा, आकाश आणि दिसलेली एखादी गोष्ट. शाळा आणि संग्रहालय यांना जोडणारी गाठ ही वही आहे. स्वयंसेवक बदलतात, मुलं मोठी होऊन रत्नागिरीला, पुण्याला जातात, वही चालू राहते. तुमच्या आठ-नऊ जणांपैकी आणि मुलांपैकी कुणी ही वही तीन महिने न चुकता चालवली, तर समजा तुमचं संग्रहालय चालणार. नाही चालवली तर कितीही देणगी मिळाली तरी थांबा.

त्या वहीतून अभ्यास आपोआप निघतो, मुद्दाम ओढावा लागत नाही. प्रत्येक दीपगृहाची झपक वेगळी असते, किती सेकंदांनी किती वेळा, हे ठरलेलं असतं आणि खलाशी त्यावरून दिवा ओळखतो. पहिली-दुसरीची मुलं पडवीत बसून झपका मोजतात. सातवी-आठवीची मुलं अंतर काढतात. त्याचं साधं सूत्र आहे. दिव्याची समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा. बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचंही वर्गमूळ काढा. दोन्हींच्या बेरजेला २.०८ ने गुणा, उत्तर सागरी मैलांत येतं. दिवा १०० मीटरवर आणि होडीवर उभ्या तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा, डोळा ४ मीटरवर असेल तर दहा अधिक दोन बारा, गुणिले २.०८, म्हणजे जवळपास २५ सागरी मैल, साधारण ४६ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचलेल्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की तो गोलपणा आपल्या गावच्या दिव्याला कुठेतरी झाकून टाकतो. आमचा एक मुलगा ते उत्तर घेऊन थेट बंदरावर गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं की धुरकट हवेत एवढ्या लांबून दिवा दिसत नाही. मग हवेतला ओलावा, दिव्याची ताकद आणि सूत्राची मर्यादा यांत आमचा एक आख्खा आठवडा गेला.

भिंगाचं तसंच. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने १८२० च्या दशकात जाड भिंगाऐवजी काचेच्या पायऱ्या-पायऱ्यांचं भिंग केलं, आणि छोट्या ज्योतीचा उजेड आडव्या पट्ट्यात लांब फेकता येऊ लागला. हे फळ्यावर पाच मिनिटांत सांगून होतं. काकांनी विचारलं ते मात्र मुलांच्या डोक्यात राहिलं: दिवसा दीपगृहाच्या काचांना पडदे का लावतात? कुणाला सांगता येईना. भिंग जसं आतला उजेड बाहेर फेकतं, तसंच बाहेरचं ऊन आत एका ठिकाणी गोळा करतं, आणि तिथे आग लागू शकते. म्हणून सकाळी दिवा विझला की पहिलं काम पडदे ओढायचं. तुम्हाला भिंगाचा तुकडा मिळालाच, तर तोही पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. दिसतो सुंदर, पण शेजारचा कागद जळेल.

वस्तूंबद्दल आता जरा सविस्तर. मी आयुष्यभर हेच केलं, आणि चुकाही इथेच झाल्या.

गाठोडं घेण्याआधी त्यातलं कुणाचं काय आहे ते विचारा. दीपगृहातल्या नोंदवह्या आणि सुटे भाग मुळात सरकारी असू शकतात. कुटुंबाचा हेतू चांगलाच असतो. तरी काय दिलं, कायमचं की सांभाळायला, परत मागितल्यास काय, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. सरकारी शिक्का असलेली वस्तू दिसली तर तिची यादी करून खात्याला कळवा आणि ठेवायची परवानगी मागा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो, तेही विचारून घ्या. पुढे भावाभावांत वाद झाला तर हेच पान उपयोगी पडतं.

पारा असेल तर घेऊ नका. जुनी मोठी फिरती भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगत असत, म्हणून एवढा भार बोटाने ढकलला तरी फिरे. त्यामुळे जुन्या सामानात पाऱ्याची बाटली निघू शकते. जुन्या वायुभारमापकातही पारा असू शकतो. मुलांना तो चकचकीत थेंब हातात घ्यावासा वाटतो, आणि त्याची वाफ दिसत नाही. अशी वस्तू बंद खोलीत, मुलांपासून लांब ठेवा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी विचारून रीतसर सोपवा. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

पितळ घासू नका. आमच्या दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या आधी, चार उत्साही काकूंनी जुना पितळी दिवा चिंच-मिठाने लखलखीत केला. घरच्या समयांसारखा. मी गावात नव्हते. परत आले तर त्याच्या बुडावर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक कोरलेले होते, ते जवळजवळ पुसले गेले होते. तो दिवा कुठून आला असेल हे सांगणारा तेवढाच पुरावा होता. काकूंना मी काही बोलले नाही, दोष माझाच होता. वस्तू आली त्याच दिवशी तिचे सर्व बाजूंनी फोटो काढून, मापं घेऊन, कोरलेलं सगळं उतरवून ठेवायला हवं होतं. आता आमच्याकडे वस्तू दारात आली की क्रमांक, फोटो, माप, कुणी दिली, त्यांनी काय सांगितलं, एवढं लिहून झाल्याशिवाय ती आत जात नाही. हे काम पाचवीच्या पुढची मुलं करतात, आणि मोठ्यांपेक्षा नीट करतात. कोरडा मऊ ब्रश आणि सुती कापड, याशिवाय वस्तूला काही लावत नाही.

कागदांचा शत्रू म्हणजे आपली भिंत. जांभ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते. कपाट भिंतीपासून हातभर पुढे आणि जमिनीपासून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत ओल अडकून बुरशी येते. आपल्याकडे पोथ्या सुती बासनात गुंडाळतात तसंच गुंडाळा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून बघा. भिजलेला कागद उन्हात टाकायचा नाही, टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश वाळवायचा. जाळ्यात समुद्रातून जुनं लाकूड किंवा नांगर आला तर याच्या बरोबर उलटं करा. ते वाळू देऊ नका, पाण्यातच ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. समुद्रात वर्षानुवर्षं राहिलेलं लाकूड एकदम वाळलं की पिळवटून फुटतं.

स्वयंसेवकांकडे येते. तुमचे आठ-नऊ जण आज उत्साहात आहेत. पण आपल्या गावांचं वर्ष कसं असतं बघा. पर्यटक मे महिन्यात येतात आणि तेव्हाच सगळे आंब्यात असतात. जुलैत लावणी. भाद्रपदात कुणी घराबाहेर पडत नाही. म्हणून ‘रोज दहा ते पाच’ अशी पाटी लावू नका. आम्ही आठवड्याचे दोनच दिवस, संध्याकाळी तीन तास उघडतो, पण ते चुकवत नाही. पाटीवर उघडं लिहून दार बंद मिळालं की लांबून आलेला माणूस परत येत नाही, आणि गावातल्यालाही वाटतं की हे काही खरं नाही. किल्ल्या दोन घरांत ठेवा. एकाच्याच अंगावर सगळं पडलं की तो वर्षभरात थकतो आणि सांगत नाही.

मुलांना फुकटचे गाइड करू नका. शनिवारी बस आली की मुलांना रांगेत उभं करून पाठ केलेलं म्हणायला लावायचा मोह होतो. आमच्याकडे मूल बोलतं ते स्वतः नोंदवलेल्या एकाच वस्तूबद्दल, शेजारी मोठं माणूस असताना, आणि त्याला बोलायचं असेल तरच. पाहुण्याने विचारलेलं येत नसेल तर ‘माहीत नाही, लिहून ठेवतो’ असं म्हणायचं आणि खरंच लिहायचं. त्या यादीतले प्रश्न आमचा पुढचा अभ्यास ठरवतात.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दीपगृहाआधी, आणि दीपगृह असतानाही, तांडेल किनारा ओळखत आले ते खुणांवरून. देवळाचा कळस अमुक झाडाच्या रेषेत आला की खाली खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, आहे, डोंगराची खांड उघडली की इतके वाव पाणी. आता हातात जीपीएस आहे, त्यामुळे हे ज्ञान झपाट्याने जातंय, आणि दीपगृहाच्या संग्रहालयात ते नसेल तर गोष्ट अर्धीच राहील. आमच्या मुलांनी अशा खुणांचा नकाशा केला आणि भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी एक तांडेल मामा आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, ‘ह्या दोन जागा काढा. त्या आमच्या वडिलांच्या आहेत.’ मासे मिळण्याच्या जागा म्हणजे त्या घरची मिळकत. आम्ही त्या काढल्या. खडपं दाखवली, कारण त्याने कुणाचा जीव वाचतो. मासळीच्या जागा दाखवल्या नाहीत. बोलणं ध्वनिमुद्रित करण्याआधी काय भिंतीवर जाईल, काय फक्त पेटीत राहील आणि काय लिहायचंच नाही, हे त्या माणसालाच विचारा.

मच्छीमार वाडी संग्रहालयात येत नाही, अशी तक्रार तुम्ही थोड्या दिवसांत कराल. आम्हीही केली. मग बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण झाली. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. बोर्डी आपल्याच किनाऱ्यावरचं. आम्ही महिन्यातून एकदा एक वस्तू बंदरावर नेतो, लिलाव संपून बायका टोपल्या धूत असतात त्या वेळी. एकदा हाताने वाजवायचा धुक्याचा भोंगा नेला होता. एका आजीने तो घेतला, वाजवून पाहिला आणि आगबोटीची आठवण सांगायला लागली. १९४७ च्या जुलैत ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली तेव्हा त्यांच्या वाडीत काय बातमी आली होती, ते तिने तिच्या आईकडून ऐकलेलं सांगितलं. ते आता आमच्या पेटीत आहे, तिच्या आवाजात.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या वर्षी वही, बासनं, लाकडी मांडण्या, कॅमेऱ्याऐवजी कुणाचा तरी बरा फोन आणि आवाजाच्या प्रती ठेवायला दोन हार्ड डिस्क एवढंच लागतं. त्या डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवा. शाळेचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर संग्रहालय त्याच्याच उद्देशांत बसतं का ते बघा, वेगळी संस्था काढू नका. मोठी देणगी पहिल्या दोन वर्षांत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. देणगीदाराला इमारत हवी असते, आणि तुम्हाला त्या वेळी सवय लागायला हवी असते.

तुम्ही लिहिलंय की पावसाळा संपला की सुरुवात करू. तेवढं थांबू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला, जून-जुलैत, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि तांडेल जाळी विणत घरीच असतात. बोलायला एवढा निवांत माणूस वर्षात पुन्हा मिळत नाही. आजोबांच्या घरीही आत्ताच जा, गाठोडं उचलायला नको, नुसतं बसायला. दोनच मुलं न्या, जास्त नकोत. वही न्या आणि पेन्सिल न्या. पेनची शाई ओल्या हवेत फुटते.